अप्पांचा नियम

अप्पांनी शर्टाचं वरचं बटण लावलं की मी ओळखायची, आता हा माणूस खोटं बोलणार. गळ्यातलं इष्टलिंग आधी शर्टाच्या आत सरकवायचं, बटण लावायचं, चष्मा कपाळावरच्या भस्मापर्यंत ढकलायचा आणि खिडकीबाहेर बघत म्हणायचं, "बसत न्हाई."

नांदेडच्या आमच्या कॉलेजात अप्पा स्कॉलरशिपचं टेबल सांभाळायचे. मी शेजारी, परीक्षा विभागात. सरकारी शिष्यवृत्तीला कोण पात्र आणि कोण अपात्र, हे ते 'बसतंय' आणि 'बसत न्हाई' एवढ्यावर उरकायचे. "दाखला मागल्या सालचा हाय. नवा आण, मग बसतंय." ही खरी उत्तरं, उघड्या गळ्यानं दिलेली. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय खडूस म्हातारा आहे! होतेच खडूस. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता घ्यायचे आणि वर मीठ कमी आहे म्हणायचे.

बटणाचं कोडं मला एका दुपारी उलगडलं. बिलोलीकडचा एक बाप आला होता. "साहेब, पोरीचं लगीन लावून दिलं तर स्कॉलरशिप चालू राहती का?"

अप्पांनी बटण लावलं. "बसत न्हाई. लगीन झालं की बंद. मागचं उचललेलं पण परत भरावं लागतंय. पदवी होऊ द्या, मग करा काय करायचं ते."

बाप मान हलवत गेला. मी म्हटलं, "अप्पा, असा नियम कुठाय हो? लग्न झालेल्या पोरीला बापाऐवजी नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, बस्स."

"हाव. मला म्हाईत न्हाई होय?"

"मग?"

"मग काय. चटणी आणली का आज?"

पुढे कधीतरी त्यांनीच सांगितलं. त्यांची थोरली उदगीरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. चांगलं स्थळ आलं म्हणून यांनी लग्न उरकलं. तिचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. "दिवाळीला येती. आईशी बोलती, भावाच्या लेकरांशी बोलती. माझ्याशी न्हाई बोलत. त्या टायमाला मला कुणी 'बसत न्हाई' म्हणणारा भेटला न्हाई, बाई."

अप्पांचा नियम बघता बघता गावोगाव गेला. एसटीत एक बाई दुसरीला तो समजावून सांगताना मी माझ्या कानांनी ऐकला. पोरी तर महाबिलंदर! घरात सोयरिकीची बोलणी निघाली की बापाला म्हणायच्या, "आधी कॉलेजात अप्पाला विचारून या." भस्म लावलेला माणूस कशाला खोटं बोलेल, असं बापांना वाटायचं. मला हसू यायचं, आणि आतून धडकीही भरायची. कुणीतरी एक दिवस वरच्या ऑफिसात विचारणार, हे मला दिसत होतं.

"सरकारी नियम कोण वाचून राहिलंय?" अप्पा म्हणायचे. पण दारात अनोळखी चप्पल वाजली की त्यांचंही लिहिणं थांबायचं.

रेणुका किनवटकडची. वसतिगृहात राहायची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रयोगशाळेतून थेट आमच्या खिडकीशी यायची, ओढणीला रसायनांचा उग्र वास घेऊन. "अप्पा, मी हितंच लॅबमध्ये नोकरी करणार, बघा." "आधी पास हो," अप्पा म्हणायचे आणि तिच्या हातावर खडीसाखर ठेवायचे.

परीक्षा तोंडावर आली असताना एका सकाळी तिचा बाप आला. बरोबर तिचा होणारा सासरा होता. बाप दाराशीच उभा राहिला. सासऱ्यानं न विचारता खुर्ची ओढली आणि मोबाइल टेबलावर उताणा ठेवला.

"तुमचा नियम ऐकला," तो अगदी हळू म्हणाला. "चांगला हाय. जरा लिहून द्या."

अप्पांचा हात बटणाकडे गेला.

"सही-शिक्क्यानिशी. म्हंजे मी वर दाखवून येतो."

"अप्पा, नका," मी मोठ्यानं म्हणाले. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. बापाच्या मागं रेणुका येऊन उभी राहिली होती. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. बटण उघडंच राहिलं. त्यांनी कागद ओढला, नियम लिहिला, सही केली, शिक्का मारला. त्या माणसानं फुंकर मारून शाई वाळवली, घडी खिशात घातली आणि हसून नमस्कार केला. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

"काय केलंत हे?"

"सरकारी उत्तर लई सावकाश येतंय, बाई. तवर परीक्षा होऊन जाती तिची."

उत्तर परीक्षेच्या आधी आलं. अप्पा निलंबित झाले. टेबल आवरताना त्यांचा फोन वाजला. नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग कानाला लावला. "हाव... हाव... जेवलो." फोन ठेवला आणि हा खडूस माणूस खुर्चीत बसून ढसाढसा रडला. "थोरलीला कुणीतरी सांगितलं सगळं. जेवलात का म्हणती." मलाही रडू आवरेना. ते उदगीरला आपल्या घरी गेले ते परत कॉलेजात आले नाहीत.

रेणुकाचं लग्न परीक्षेच्या आधीच लागलं. तिच्या नावापुढे 'गैरहजर' मीच लिहिलं.

अप्पांच्या टेबलावर आता एक हसतमुख मुलगा बसतो. खरं तेच सांगतो. "चालतं की काका! नवऱ्याकडचा दाखला आणा फक्त." बाप खूश होऊन जातात. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मुलींचे बाक मात्र मोकळे दिसायला लागलेत.

परवा तो चहाला गेला असताना एक बाप माझ्या खिडकीशी आला. मागं त्याची मुलगी. त्यानं तोच प्रश्न विचारला. माझा हात आपोआप गळ्याशी गेला.

"बसत नाही," मी म्हणाले.

"सगळे तर म्हणतेत बसतंय म्हणून," तो म्हणाला. "मॅडम, लिहून देता का?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी शिक्क्याची डबी पुढे ओढली.