धोंडुबाईच्या खाटेपाशी

ब्राह्मी पाटील डॉक्टर व्हायला निघाली तेव्हा पोरगी रक्ताला भिईल, असं घरच्यांना वाटलं होतं. सांगलीजवळच्या रामगोंडा पाटलांची ही धाकटी लेक. रक्त बघून तिला काहीच झालं नाही. भीती वाटली ती आटपाडीच्या धोंडुबाईची.

धोंडुबाईचा यकृताचा कॅन्सर हाताबाहेर गेला होता. मोठे डॉक्टर राउंडला आले की तिच्या खाटेपाशी क्षणभर थांबत, आता करण्यासारखं काही उरलं नाही असं इंग्रजीत सांगून पुढं सरकत. विद्यार्थीही सरकत. जो बरा होणार त्याच्यापाशीच शिकायला मिळतं, असं तिचा वर्गमित्र विश्वजीत म्हणायचा, आणि ब्राह्मी मान डोलवायची. खरं तर म्हातारी काहीतरी विचारेल, या धास्तीनं ती त्या बाजूला बघतच नसे.

एका दुपारी सलाईन बघायला तिला जावंच लागलं. धोंडुबाईनं तिचं मनगट धरलं. बोटं थंडगार होती.

"बाय, माजा ल्योक मानसिंग लष्करात हाय. रजा घिऊन निघालाय म्हनं. त्यो येईस्तवर मी ऱ्हाईन का?"

सगळं ठीक होईल, हे शब्द ब्राह्मीच्या ओठांपर्यंत आले आणि अडकले. म्हातारीही आपल्याइतकीच भ्यालीय, हे डोळ्यांत दिसलं तेव्हा तर तिला पळूनच जावंसं वाटलं.

"मला न्हाई माहीत, आज्जी," ती शेवटी म्हणाली. "पण मी हितं बसते."

विश्वजीत दारातून लेक्चरला बोलावून गेला. ती उठली नाही. म्हातारीला धाप लागली की ती तिच्या पाठीवरून हात फिरवायची. तिनं वरच्या डॉक्टरांच्या मागं लागून दुखण्याचं औषध वाढवून घेतलं, ओल्या कापसानं ओठ पुसले. धोंडुबाई मेंढरांचं, माळावरच्या वाऱ्याचं बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी मानसिंग पोचला तेव्हा ती शुद्धीत नव्हती. तो उंचापुरा जवान खाटेपासून हातभर लांबच उभा राहिला.

"हात लावला तर तिला दुखंल का?" त्यानं विचारलं.

ब्राह्मीनं त्याचा हात धरून आईच्या कपाळावर ठेवला. धोंडुबाईच्या पापण्या हलल्या. मानसिंग म्हणतो, तिनं ओळखलं. ब्राह्मीला तेही ठाऊक नाही. दिवस मावळायच्या आत म्हातारी गेली.

आज ब्राह्मी उंब्रजला दवाखाना चालवते. न वाचणारं माणूस समोर आलं की अजून तिला तीच भीती वाटते. ती स्टूल ओढते आणि बसते.