पंचफुलानं सांगितलेली यादी

पंचफुला तायडे वऱ्हाडातल्या एका तुरुंगात बायकांच्या बराकीवर पहारेकरीण होती. धामणगावकडची, नवरा वारलेला, छप्पन सालानंतर घर बौद्ध झालेलं. नोकरी हंगामी. जेलरसाहेबांनी एक वाईट शेरा मारला की घरी, ही धास्ती तिला कायमची.

मी सरकारनं नेमलेली तुरुंगाची पाहणी-सदस्य. साठ साली मी मोठ्या ऐटीत सुचवलं, की कामवाटपाच्या वहीतला जातीचा रकाना काढून टाका. त्यांनी लगेच काढला. इतक्या लगेच का, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी खुशीत अमरावतीला परतले.

पुढच्या भेटीत पंचफुलानं मला हौदापाशी गाठलं.

"बाई, हे काय करून ठेवलं तुमी? मैल्याच्या टोपल्या अजून आमच्याच बाया अन् पारधिनी उचलून राहिल्या. पयले वहीत दिसे तरी. आता वरच्या साहेबाले काय दाखवसान?"

मूर्खपणा माझा होता.

"तू सांगशील? मी लिहून घेते."

"सांगीन. पन माहं नाव नोका लिहू. याच नोकरीवर माही पोरगी जमुना शिकून राहिली."

बराकीत चौदा बायका. तिनं एकेकीची जात आणि काम सांगितलं, मी तुरुंगाच्या भेटवहीत उतरवलं. टोपल्या उचलणाऱ्या पाच, पाचही बौद्ध नाहीतर पारधी. चुलीपाशी तिघी, त्यांत बौद्ध वा पारधी एकही नाही.

कचेरीत जेलरनं वाचून वही मिटली.

"बाईसाहेब, हे ऐकीव झालं. सांगणाऱ्याच्या सहीशिवाय वर कसं पाठवू? सांगितलं कोणी?"

नाव घ्यावं तर तिची नोकरी जाणार, न घ्यावं तर यादी वाया. दाराशी उभी असलेली पंचफुला पुढे आली.

"म्या सांगतलं, साहेब," ती म्हणाली. "सही येते मले."

सही करताना तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "बाई, आता लई भेव लागून राहिलं. फाटकापर्यंत चला संगं."

सगळी कामं पाळीनं द्यावीत, हा हुकूम यायला आठ महिने लागले. तेवढ्या काळात तिनं एकही रजा घेतली नाही. काढून टाकायला जेलरला गैरहजेरीचं निमित्त मिळालं तर? हुकूम आला त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता, आणि ती पहाऱ्यावर उभी होती.