ओंडक्यापासून पंधरा पावलं

‘तात्पुरतं’ हा शब्द मला ऐकवत नाही. उद्यमनगरात माझी फॅब्रिकेशनची शेड आहे आणि तिथं येणाऱ्या दहांतल्या आठ जणांना काम तात्पुरतंच हवं असतं. गेटाला बिजागरी तात्पुरती, ट्रॉलीला जोड तात्पुरता. मग ते तात्पुरतं दहा-दहा वर्षं रस्त्यावर फिरतं आणि कुणाच्या तरी अंगावर पडल्यावरच थांबतं.

तो ठेकेदार असाच आला होता. वळवाच्या वाऱ्यात राजारामपुरीतली रस्त्याकडेची जुनी झाडं मुळासकट आडवी झाली होती. फांद्या तोडून झाल्या, बुंध्याचे ओंडके तसेच पडून होते. ठेकेदाराकडं खडी-माती भरायचा लोडर होता. लोडरची बकेट म्हणजे शेवटी एक मोठं सुपडं. त्यात खडी राहते, ओंडका राहत नाही, उचलला की गडगडत खाली येतो. म्हणून त्यानं लोडर थेट माझ्या दारात आणून उभा केला आणि म्हणाला, “मिस्त्री, बकेटच्या तोंडाला एक दणकट हुक मारा की. साखळी अडकवतो आन् ओंडकं टांगून नेतो.”

मी त्याला नीट समजावलं. हे काम हुकाचं नाही, पंज्याचं आहे. साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या मोळ्या उचलायला असतो तसा पंजा बकेटवर बसवला, तर ओंडका वरून-खालून आवळून धरता येईल, साखळी नको आणि खाली माणूसही नको. चार दिवस लागतील.

“चार दिवस? लोकं आताच माझ्या अंगावर याला लागल्यात. तुम्ही तात्पुरता हुक मारा हो.”

आणि मी मारला. ठेकेदाराचा राग मला नंतर येतो, आधी माझाच येतो. बकेटच्या तोंडाचं पातं साध्या लोखंडाचं नसतं. दगडावर घासून झिजू नये म्हणून ते कडक पोलादाचं करतात. त्यावर वेल्डिंग करायचं तर आधी पातं गॅसनं चांगलं तापवायचं आणि नंतर झाकून हळूहळू निवू द्यायचं. गार पात्यावर मारलेला वेल्ड वरून चकचकीत दिसतो, पण आतून तडकतो, आणि तोही लगेच नाही, काही तासांनी. हे मला तीस वर्षांपासून ठाऊक. पण ठेकेदार डोक्यावर उभा, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसलेला, आणि मी गार पात्यावरच वेल्ड मारला.

वर आमची ती रीत! वेल्ड झाला की घण मारून बघायचं. खणखणीत वाजला तर काम पास, बद्द वाजला तर परत कर. मी घण मारला. हुक असा खणखणला की शेजारच्या शेडमधला टर्नर बाहेर डोकावला. मी ऐटीत घण खाली ठेवला. आत्ताच मारलेला वेल्ड खणखणणारच की! घण खरं तर दुसऱ्या दिवशी सकाळी मारायचा असतो. पण वापरणाऱ्याला घाई असते आणि करणाऱ्याला मिरवायचं असतं, म्हणून तसं कुणीच करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजारामपुरीत गेलो. काळजीनं गेलो असतो तर बरं झालं असतं, पण मी आपलं काम चालताना बघायला गेलो होतो. लोडर एका गल्लीच्या तोंडाशी उभा होता. ओंडक्यापाशी एक मजूर बाई होती, पन्नाशीची, साडीवर पुरुषी शर्ट घातलेली. सगळे तिला मावशी म्हणत. ओंडक्याखालून साखळी ओवायची, हुकात अडकवायची आणि ओंडका जमीन सोडेपर्यंत साखळी हातानं ताणून धरायची, हे तिचं काम. सोडली तर साखळी घसरते. म्हणजे टनभराच्या लाकडाला खेटून उभं राहायचं आणि देवावर भरवसा ठेवायचा.

माझी नजर हुकाच्या मुळाशी गेली. तिथं केसाएवढी काळी रेघ होती. काल नव्हती.

“बंद कर!” मी ड्रायव्हरला ओरडलो. इंजिनच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? ठेकेदाराला ऐकू गेलं, तर तो म्हणतो, “सकाळी सकाळी शुभ बोला की, मिस्त्री!”

ओंडका उचलला गेला. मी धावलो, मावशीची शर्टाची कॉलर धरली आणि मागं खेचली. आम्ही दोघं उताणे पडलो. फाटकन आवाज झाला, हुक तुटला आणि तिचे पाय होते तिथं ओंडका येऊन आदळला. डांबरात खळगा पडला. चारजणांनी मोबाइल काढले होते, हात द्यायला एकही जण आला नाही.

ठेकेदाराचं पहिलं वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. “आता दुसरा मारा. जरा जाड मारा.”

त्यावर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात मावशी साडी झटकत उठली आणि मलाच म्हणाली, “मारा लौकर मिस्त्री, काम थांबलं तर आजची हजेरी बुडंल.”

लोडर मी शेडमध्ये आणवला आणि पंजा करायला घेतला. भंगारातून उसाच्या पंज्याचे दोन वाकडे हात आणले, ते उघडायला-मिटायला एका जुन्या टिपर ट्रकचा जॅक काढला, हात बकेटच्या वरच्या बाजूला जाड पिनांवर बसवले. पहिल्याच चाचणीत ओंडका साबणासारखा निसटला. ऊस दाबला की आवळतो, लाकूड काय आवळतंय? मग हातांची टोकं कापून आत वळलेले दात बसवले. या खेपेला प्रत्येक जोड तापवून केला, पोत्यांखाली निवू दिला आणि घण दुसऱ्या दिवशी मारला. ठेकेदार दिवसातून तीनदा फोन करायचा. तिन्ही वेळा मी त्याच्यावर खेकसलो.

पंजा मात्र झकास झाला. ओंडका जबड्यात धरावा तसा धरला आणि बकेट हलली तरी तो हलला नाही. ठेकेदार खूश. खुशीत म्हणाला, “मग आता मावशीला कशाला ठिवू?”

माझं टाळकंच सरकलं. पिन ठोकायचा घण हातातच होता. म्हटलं, “पंज्याच्या आडून ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही. समोर उभं राहून इशारा द्यायला माणूस लागतोच. ते काम मावशीचं. नाहीतर आत्ता दोन्ही पिना काढून घेतो, मग ने तुझं सुपडं.” घणाकडं बघत तो व्हय म्हणाला. मी स्वतः मोजून ओंडक्यापासून पंधरा पावलांवर रस्त्यावर चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारली, मावशीला तिथं उभं केलं आणि शिट्टी दिली. लोडर जिथं जाईल तिथं अशीच रेघ मारून घ्यायची, हेही बजावलं. घरी जाताना मी खूश होतो, खोटं कशाला सांगू.

आठवड्यानं एक गेट पोचवायला शिवाजी पेठेत गेलो. अरुंद बोळातून तोच लोडर पुढं येत होता. पंज्यात ओंडका होता आणि ओंडक्याला खेटून, त्यावर हात ठेवून, मावशी चालत होती. शिट्टी गळ्यात लोंबत होती. फक्कीची रेघ कुठंच नव्हती.

मी गाडी तिथंच टाकली आणि लोडरच्या आडवा आलो. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. “मरायचं हाय व्हय तुला, मावशी?” सगळा बोळ गोळा होईल एवढ्या मोठ्यानं मी ओरडलो. “कुठं उभं राहायचं सांगितलं होतं?”

ती घाबरली नाही, शरमलीही नाही. “उभारलोतो की दोन दिस तितं,” ती म्हणाली. “मालक म्हनला, शिट्टी फुकायची हजेरी देत न्हाय, बसून खायाला आलीस व्हय? हात लावून चाललं की मग त्यास्नी काम दिसतंय.”

ठेकेदार मागून आला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून हसला. “बघा मिस्त्री, तुमच्या पंज्याला अजून काय झालं न्हाय.”

मी त्याचा हात झटकला आणि ड्रायव्हरला ओंडका खाली ठेवायला सांगितलं. तो ठेकेदाराच्या तोंडाकडं बघत राहिला. मागं रिक्षांचे हॉर्न वाजायला लागले. मावशीनं ओंडक्यावरचा हात काढलाच नाही. उलट माझ्यावरच खेकसली, “सरका बाजूला मिस्त्री, खोळंबा हुतोय.”