काकवीचा आळ

त्या जानेवारीत माझ्यावर काकवी सांडल्याचा आळ आला. तो मी अजून विसरलेले नाही, विसरायचा विचारही नाही.

सुट्टी संपवून मी माहेराहून कुवेतला परतले तेव्हा माझ्याबरोबर पाच लिटरचा डबा होता. माहेर कोल्हापूरकडचं, घरचं गुऱ्हाळ. काकवी न घेता निघणं म्हणजे वडिलांशी भांडण. विमानतळावर नवरा घ्यायला आला. डबा मी पुढच्या सीटसमोर पायांशी ठेवला आणि खैतानच्या घरापर्यंत दोन्ही घोट्यांच्या मध्ये घट्ट धरून आणला. हे 'घट्ट' मी पुढे निदान शंभर वेळा सांगितलं.

चारच दिवसांत गाडीत गोडसर वास यायला लागला.

गाडी आमची जुनी, अमेरिकन, होडीसारखी लांब. कुवेतचा हिवाळा असतो दोन महिन्यांचा, पण तेवढ्यात सकाळी बोटं गारठतात, म्हणून हीटर लावायचा. तो लावला की वास दाटायचा आणि पुढची काच पांढरी व्हायची. नवरा हीटर आणखी मोठा करायचा, काच आणखी पांढरी. मग तो फडक्यानं पुसायचा आणि काचेवर तुपाचा हात फिरवल्यासारखे फराटे उठायचे. समोरून येणारी प्रत्येक गाडी दोन-दोन दिसायची.

त्यातच माझ्या पायाखालचा गालिचा चिकट लागला. झालं! नवरा ड्राफ्ट्समन, निकालही त्यानं पट्टी लावून दिला.

"काकवी सांडली. गालिच्यात मुरली. हीटरनं तापते, तिची वाफ काचेवर बसते. साधी गोष्ट आहे."

"अहो, डबा काठोकाठ भरलेला होता!"

"दाखव."

इथं मी सापडले. काकवी मी केव्हाच बाटल्यांत भरून आजूबाजूच्या तीन इमारतींत वाटून टाकली होती. आणि ज्यांनी ती मिटक्या मारत खाल्ली, तीच माणसं आता 'डब्याचं झाकण नीट लावायला हवं होतं हो' म्हणत माझ्याविरुद्ध साक्ष देत होती.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर सहा एकटे पुरुष एका खोलीत राहायचे. त्यांतला एक मालवणकडचा प्लंबर. त्याचं काम शर्कमध्ये, माझी दवाखान्यातली नोकरीही तिथंच, म्हणून सकाळी तो आमच्या गाडीत मागे बसायचा. दार उघडताच नाक वर करून म्हणायचा, "वैनी, तुमच्या गाडयेत बसला काय माका काकवी-घावन्यांची याद येता."

"उद्या चालत या," मी म्हणायचे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मीही हसले असते. पण नवऱ्यानं गाडी विकायला काढली. रिग्गईतला एकजण शुक्रवारी सकाळी बघायला येणार होता. "तुला काय, दवाखान्याची व्हॅन आहेच," असं नवरा मला सहज म्हणाला. सहज! तीन वेळा नापास होऊन चौथ्या खेपेला, दोनच महिन्यांपूर्वी, मी गाडी चालवायचा परवाना मिळवला होता. त्या व्हॅनमध्ये चार वर्षं मी अठरा बायकांच्या डब्यांचे वास घेत बसले होते. आता कुठे संध्याकाळी घरी येताना स्टिअरिंग माझ्या हातात यायला लागलं होतं. ते मी एका न सांडलेल्या काकवीपायी सोडणार नव्हते.

मी गालिचा काढला, साबणानं धुतला, गच्चीवर दोन दिवस वाळवला आणि परत घातला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा चिकट.

"मी काय रोज रात्री जाऊन ओतते का?" मी विचारलं.

"खालच्या स्पंजात मुरली असणार," नवरा म्हणाला. त्याच्या त्या स्पंजाला तळच नव्हता.

मग मी नाक कामाला लावलं. गुऱ्हाळाच्या अंगणात वाढलेल्या बाईला काकवी शिकवायची नसते. काकवीत धूर असतो, जळत्या चिपाडाचा, उसाच्या रसाचा वास असतो. गाडीतला गोडवा कोरडा होता, औषधाच्या सिरपसारखा, आणि घशाशी जाऊन बसायचा. दुसरं म्हणजे, हीटर बंद ठेवला की काच बरीच साफ राहायची. ऑगस्टमध्ये दमट हवेत एसीमुळे काच बाहेरून धुरकटते, तेव्हा वायपर फिरवला की काम भागतं. हे धुकं आतलं होतं आणि ते हीटरच्या झडपेतूनच येत होतं. मी बॉनेट उघडलं. बाजूला इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची पांढरी प्लास्टिकची बाटली असते, तिच्यातल्या हिरव्या पाण्याच्या पातळीवर मी नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. चार दिवसांत पाणी रेघेच्या तीन बोटं खाली! गाडीखाली जमिनीवर मात्र थेंब नाही. मग जातं कुठे?

गुरुवारी दुपारी इमारतीमागच्या वाळूच्या मोकळ्या जागेत मी दरबार भरवला. प्लंबरलाही बोलावलं. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "एका मिनिटात सिद्ध करतो." वाकला, गालिच्यावर बोट फिरवलं आणि ते बोट तोंडाकडे न्यायला लागला.

त्याच्या हातावर मी अशी फटकन चापट मारली की समोरच्या गॅलरीतल्या बाईनं वाळत घालायची चादर सोडली.

"विष आहे ते! कूलंटही गोडच असतं. आधी रंग तर बघा!"

त्याच्याच खिशातला पांढरा रुमाल ओढून मी गालिच्यावर दाबला. गालिचा गडद तपकिरी, त्यावर आजवर काही दिसलंच नव्हतं. रुमाल उचलला. कच्च्या कैरीसारखा हिरवा डाग.

"आमच्या गुऱ्हाळात," मी सावकाश म्हणाले, "अजून हिरवी काकवी निघालेली नाही."

नवऱ्यानं रुमाल हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. प्लंबर मात्र एव्हाना बॉनेटखाली अर्धा शिरला होता.

"वैनी, हे बघा. ह्यो पाइप आत गेलो, ह्यो भायर इलो. मधी डॅशबोर्डाच्या पाठी हीटरचो बारको रेडिएटर असतलो, तो फुटलोहा." मग वर बघून नवऱ्याला म्हणाला, "सायबानू, भिंतीक ओल इली म्हणान कोण रंगाऱ्याक बोलावता? पयलो पाइप बघूचो."

"आणि घावन्यांची याद कुणाला येत होती?" मी विचारलं. तो पुन्हा घाईनं बॉनेटखाली गेला.

इंजिन थंड झाल्यावर त्यानं आत जाणारी आणि बाहेर येणारी अशा दोन्ही नळ्या काढल्या, इंजिनाच्या बाजूची टोकं एका नळीनं एकमेकांना जोडली, वर क्लिपा आवळल्या. पाणी आता आत जाणारच नव्हतं. हीटरही अर्थात गेला. मी साबणाच्या पाण्यानं काचेवरचा तेलकट थर काढला, कूलंट भरलं, गालिचा पुन्हा धुतला.

शुक्रवारी सकाळी रिग्गईचे गृहस्थ आले. गाडीभोवती फिरले, आत डोकावले, वास घेतला आणि म्हणाले, "तुम्ही म्हणालात तसा वास तर काहीच नाही."

"नाहीच," मी किल्ली मुठीत धरून म्हणाले. "म्हणूनच विकायची नाही."

नवरा काहीतरी बोलणार होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या खिशातून हिरव्या डागाचा रुमाल डोकावत होता. त्यानं तो घाईनं आत कोंबला.

शनिवारी सकाळी शर्कला जाताना मी गाडी चालवली. काच स्वच्छ होती, एकेक गाडी एकेकच दिसत होती. नवरा बाजूला शाल गुंडाळून बसला होता.

"फार गार पडलंय गं."

"काच बघा," मी म्हणाले.

तो बारका रेडिएटर आम्ही कधीच बदलला नाही. पुढची सहा वर्षं ती गाडी मी हीटरशिवाय चालवली. पुढच्या जानेवारीत माहेराहून परतले तेव्हा विमानतळावर स्टिअरिंगवर मीच बसले, आणि काकवीचे दोन डबे ठेवले ते नवऱ्याच्या पायांशी. म्हटलं, "घट्ट धरा हं."