अकरा एक

पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत क्वार्टरात राहणाऱ्या गोपीनाथ शेवड्यांना व्यसन कसलं नव्हतं, एक भागाकार सोडला तर. घराणं ग्वाल्हेरचं, नोकरी कारखान्यात नकाशे ट्रेस करण्याची. ड्यूटीवरून आले, चहा झाला, की पाटी मांडीवर घ्यायचे आणि नुसत्या एकांच्या संख्यांमागे लागायचे. पाच एक ओळीने लिहिले, तर एक्केचाळीसने भाग गेला. सात एकांना दोनशे एकोणचाळीसने गेला, तेव्हा त्यांनी बायकोला, सरोजताईंना, हाक मारून दाखवलं. "बरं झालं हो," म्हणून त्या तव्यावरच्या पोळीकडे परतल्या.

अकरा एक मात्र दाद देईनात. दोन वर्षं गेली. दहा हजारांपर्यंत सगळं करून पाहिलं, दर वेळी बाकी उरायचीच. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं की हिला भागणारं कुणी नाही, ही मूळ संख्याच. मनाला मोठी शांतता वाटली.

गणपतीत मंडळाच्या आरतीनंतर प्रसाद घेताना ते हे कौतुकाने सांगत होते. शेजारी सुचेता उभी होती, पुण्याहून बदलून आलेल्या इंजिनिअरसाहेबांची मुलगी, गणितात एम.एस्सी. करणारी.

"काका, तिला भाग जातो," ती संकोचून म्हणाली. "एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने."

"असा कसा जाईल? मैंने खुद किया है!" गडबडले की त्यांच्या तोंडून हिंदीच निघायची.

तिने दुसरा आकडाही सांगितला: पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. गोपीनाथरावांनी घरी येऊन गुणाकार मांडला. अकरा एक. पाटी पुसली, पुन्हा मांडला. पुन्हा तेच.

"जेवायचं नाही का?" सरोजताईंनी विचारलं.

"अगं, थोडं पुढे गेलो असतो तर सापडलं असतं. मी थांबलो कशाला?"

"दमला होतात म्हणून."

वाईट वाटावं की हायसं, हेच गोपीनाथरावांना कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुचेताला गाठलं. "मग भाग न जाणारी आहे तरी कुठली?"

"दोन एकांची, म्हणजे अकरा. त्यानंतर थेट एकोणीस एकांची."

"ती कुणी भागून पाहिली?"

"भागून नाही, काका. सिद्ध केलंय. वेगळी रीत असते." तिने कागदावर समजावलं. त्यांना पहिल्या दोन ओळी कळल्या, तिसरीला धागा सुटला. तरी ते मान हलवत राहिले.

घरी येताना त्यांच्या डोक्यात गोंधळच होता. स्वतः हाताने पडताळलेलं चूक निघालं, आणि जे बरोबर म्हणतात ते या जन्मी हाताने पडताळता येणार नाही. मग खात्री धरायची तरी कशाची?

"काय म्हणाली ती?" सरोजताईंनी दार उघडत विचारलं.

"समजावलं तिने छान," ते चपला काढत म्हणाले. "मला समजलं का, ते मात्र सांगता येत नाही."

मग पाटी घेतली आणि एकोणीस एक लिहायला बसले. पाटीच्या रुंदीत ते मावेनात, म्हणून त्यांनी ती आडवी धरली.