चुलीतला विळा

आमच्या शेजारणीला मी कधी मुंगी मारतानाही पाहिलं नाही. पिठाला मुंग्या लागल्या तर ती परात उन्हात ठेवते आणि त्या निघून जायची वाट बघत बसते. बोलते इतकं हळू की कान द्यावा लागतो, आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी विचारते, "व्हय का न्हाय, मावशी?"

म्हशीचं दूध पाजून पाजून तिनं कुत्र्याच्या पिल्लाला हगवण लावली. दूध बंद कर, हे सांगायला मी गेले. पिल्लू तिच्या मांडीवर लोळागोळा होऊन पडलं होतं. ती "माझं लेकरू" म्हणत त्याला गोंजारत होती, आणि चुलीत विळा लाल होत होता.

"ह्यो कशाला गं?"

"पोटाला डागलं की हगवण थांबती."

पिल्लू मी ओढूनच घेतलं. "येडी का काय तू? वीतभर जीव, मरंल की!"

ती रागावली नाही. डोळे पुसून तिनं पदर सारला. बेंबीभोवती जुने, काळे डाग होते.

"आईनं मला असंच डागलं. जगले. व्हय का न्हाय, मावशी?"



पिल्लाला मी जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. औषधानं ते उठलं आणि आपल्या पायानं तिच्याकडं परत गेलं. आता दिवसभर तिच्याच मागं शेपूट हलवत फिरतं. मी मात्र रोज सकाळी आधी तिच्या चुलीत डोकावते.