परदेशी बाईने सोडलेली ओळ

अजूनही तो दिवस आठवला की अंगावर काटा येतो. देवळीला नातेवाइकांकडे जेवून आम्ही दोघं नवराबायको स्कूटरवर नालवाडीला परत येत होतो. भर दुपारी कपाशीतून एक रानडुक्कर धावत सरळ चाकाखाली आलं. ह्यांना नुसतं खरचटलं, माझं डोकं मात्र दगडावर आपटलं. दवाखान्यात शुद्धीवर आले, पाणी मागावं म्हणून तोंड उघडलं, तर गळ्यातून नुसती घरघर. 'पाणी' हा शब्दच सापडेना! पेला समोर दिसत होता, तहान लागली होती, शब्द तेवढा नाही. डॉक्टर ह्यांना म्हणाले, बोलण्याची जागा दुखावली आहे, वाचा परत येईल की नाही हे आज सांगता येणार नाही. मला सगळं ऐकू येत होतं, कळतही होतं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला देवाने जिवंतपणी मुकी करून ठेवलं होतं.

खोटं कशाला सांगू, मी देवावर भयंकर चिडले. दर गुरुवारी गल्लीतल्या दत्ताच्या देवळात भजनाला बसणारी मी. आमच्या मंडळाची रीत अशी, की एकीने ओळ सोडायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. पुढे गाण्याचा मान मला कधी मिळाला नाही, मी मागून उचलणारी, पण उचलायला कधी चुकले नाही. मग नेमकं हेच तोंड काऊन घेतलं रे बाबा? हात घ्यायचा होता, पाय घ्यायचा होता! ह्यांनी उशाशी दत्ताची तसबीर ठेवली, तर मी ती पालथी घातली. हे बिचारे तोंड फिरवून डोळे पुसत बसले.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत देवळीच्या एक ताई यायच्या. इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका, घरात पडून खुबा मोडलेला. भेटल्या की 'जय भीम' म्हणायच्या आणि शेजारी बसून एकट्याच बोलत राहायच्या. एक दिवस त्यांनी मोबाईलवर एका परदेशी गायिकेचं गाणं लावलं.

"जॅझ म्हणतात याले," त्या म्हणाल्या. "हिच्या गाडीचा अपघात झालता. तुमच्यासारखाच डोक्याले मार, बोलणंच गेलं. मंग नुसतं गुणगुणता गुणगुणता वाचा आली तिले. अजूनई काठी टेकून उभी राह्यते, पण गाते कशी पाहा! मी देवबिव मानत नाई ताई, पण हिले मानते."

मी पाहिलं. काठी धरलेली बाई, डोळे मिटलेले, आवाज खालचा, जरासा घोगरा. गाण्यात कसलीच घाई नाही. भाषा मला काही कळेना. मध्येच तिने एक ओळ अर्धी म्हटली आणि सोडून दिली, मागे नुसता ठेका चालू राहिला. आणि माझ्या गळ्यातून आवाज निघाला! शब्द नव्हते, पण सूर तोच, ठेकाही तोच. मी काही ठरवलं नव्हतं, ओळ आपोआप उचलली गेली होती. मीच घाबरून तोंडावर हात ठेवला. ताईंच्या हातून मोबाईल पडता पडता राहिला. "अवो माय! तुम्ही गाऊन राह्यल्या!"

त्यानंतर तेच चालू झालं. ती सोडायची, मी उचलायची. हळूहळू सुराला धरून एखादा शब्दही यायला लागला. पाणी, चहा, हो, नको. ही बाई म्हणजे कुणीतरी मोठी भक्तीण असणार, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. इतके डोळे मिटून, इतकं जीव लावून माणूस देवाशिवाय कुणासाठी गातं? गाणं लागलं की मी हात जोडून बसायचे. तसबीर सरळ केली होती, पण रुसवा काही गेला नव्हता.

घरी सोडायचे दिवस जवळ आले. एकदा हे डबा घेऊन आले होते, ताई गाणं लावत होत्या, आणि मी अगदी सहज विचारलं, "ताई, हे कोणत्या देवाचं भजन आहे?"

दोघंही माझ्याकडे बघतच राहिले. मलाही क्षणभराने कळलं, की मी अख्खं वाक्य बोलले होते. हे डब्यासकट मटकन खाली बसले. "काय म्हणलं तू? अजून एकडाव म्हण न!" म्हणत लहान पोरासारखे रडायला लागले. ताईंना हसूही आवरेना आणि रडूही. "अवो बाई, कशाचं भजन! हॉटेलात गाते ती हे. नवरा सोडून गेला, त्याच्या नावानं बोटं मोडून राह्यली!"

मी सुन्न झाले. इतके दिवस ज्या गाण्याला हात जोडले, त्यात नवऱ्याला घातलेल्या शिव्या होत्या! देव न मानणाऱ्या बाईने, देवाचं नाव नसलेलं गाणं, सातासमुद्रापलीकडच्या बाईच्या गळ्यातून मला ऐकवलं आणि माझी गेलेली वाचा परत आली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सुरामागून शब्द येतात. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की देव कुठून येईल हे मी ठरवून बसले होते, आणि तो माझं न ऐकता आपल्या वाटेने आला. त्या दोघींचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

घरी आल्यावर पहिल्याच गुरुवारी देवळात गेले. त्याच्याशी काय काय भांडायचं, काय काय विचारायचं, सगळं ठरवून गेले होते. आता शब्द सगळे होते माझ्याजवळ. पण समोर उभी राहिले आणि एकही बोलावासा वाटला नाही.